वणवा, अरण्य आणि सावरण्याचा अवधी

जो मुकाट्याने सोसतो, त्याला सारेच सोसवते असे मानणे न्याय्य आहे काय? कुटुंबात अशा सोशिक व्यक्तीवरच भार वाढत जातो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. सृष्टीच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो, असे आम्हांस वाटते.

1988 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात प्रचंड वणवे पेटले आणि उद्यानाचा एकतृतीयांशाहून अधिक प्रदेश आगीच्या कक्षेत आला. हे अरण्य कायमचे गेले, असे अनेकांनी मानले. परिसरशास्त्रज्ञ मोनिका टर्नर यांनी मात्र त्या राखेत उतरून मोजणी आरंभिली. तेथील लॉजपोल पाइन जातीच्या पुष्कळ वृक्षांचे शंकू राळेने बंद असतात. आगीच्या धगीने राळ वितळते व बीज मोकळे होते. जळक्या खोडांमधून रोपटी दाट उगवली. आग म्हणजे अरण्याचा अंत नव्हे, हे त्या नोंदींनी सिद्ध केले.

पुढे 2016 साली, 1988 व 2000 च्या वणव्यांनंतर वाढलेली कोवळी वने पुन्हा जळाली. पूर्वी अशा दोन मोठ्या वणव्यांत साधारणतः 100 ते 300 वर्षांचे अंतर असे. येथे ते अवघे 28 व 16 वर्षांचे होते. कोवळ्या वृक्षांपाशी बीजाचा पुरेसा संचय नव्हता. टर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या रोपट्यांची घनता सुमारे सहापटीने घटलेली आढळली.

ज्यांनी एकदा दिलासा दिला, त्यांनीच पुढे इशारा द्यावा, हे सोपे नसते. लोकांस पहिलेच वचन प्रिय असते. तथापि या दोन निष्कर्षांत विसंगती नाही. अरण्याचे सामर्थ्य खरे आहे, परंतु ते अवधीवर अवलंबून आहे. आणि कोळसा व तेल जाळून पृथ्वी तापविणारा मनुष्य तोच अवधी हिरावून घेत आहे.

अरण्याला भावना कोठे आहेत, मग त्याच्यावर अन्याय कसा होईल, असे कोणी विचारील. परंतु त्याच्या छायेवर जगणारे जीव आहेत, उद्याची मुले आहेत. शिवाय दुसऱ्याच्या सोशिकतेवर विसंबून बेफिकीर होण्याची सवय एकदा जडली, की ती अरण्यापाशी थांबत नाही. ती घरातही शिरते. जो सावरतो आहे त्याला सावरण्यास वेळ देणे, हे आम्ही त्याचे आपल्यावरील ऋण समजतो.