साखर किती?

चाळीसगाव जंक्शनवर एकटं पोर सापडलं, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत ते बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समिती जळगावला. पोर धडधाकट असेल तर घरच्यांचा शोध, नातेवाईक, दुसरं कुटुंब असा विचार तरी होतो. ऐकू न येणारं, फिट येणारं असेल, तर बहुधा सरळ संस्था. वास्तविक 2015 च्या बाल न्याय कायद्याने संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे.

यात माया आटली वगैरे काही नाही. वाचा-उपचार आणि विशेष शिक्षक तालुक्याच्या गावात सहजी मिळत नाहीत. मजुरी बुडवून गाडी धरावी लागते. मुळात ते मूल योजनेत बसायला हवं. बसलं, तर राज्याच्या बालसंगोपन योजनेचे महिना 2250 किंवा केंद्राच्या मिशन वात्सल्यचे 4000 रुपये. त्यात पोट भरतं, उपचार होत नाहीत. मूल घरात पाठवायचं आणि आधार मात्र संस्थेतच ठेवायचा, याला मी पुनर्वसन म्हणणार नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला दिव्यांग अनाथांचं बालगृह चालवणारे शंकरबाबा पापळकर तर उलटंच मागतात: अठरा वर्षांनंतर दिव्यांग अनाथांना बालगृहाबाहेर काढू नका. जाणार कुठे, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. पण त्यांच्याच बालगृहातल्या माला पापळकरचा प्रवास पाहा. जळगाव स्टेशनच्या कचराकुंडीत सापडलेली ही अंध मुलगी वझ्झरला वाढली, अमरावतीत शिकली, 2024 मध्ये एमपीएससीची लिपिक परीक्षा पास झाली आणि पुढे नागपूरला नोकरीला लागली. एकेक पायरी मोकळी होत गेली. मागे बाबांचं नाव आणि घर कायम होतं. मोकळीक आणि आधार एकत्र नांदू शकतात, एवढं यातून दिसतं.

ही मोकळीक बारक्या गोष्टींतही लागते. संस्थेत वाढलेल्या एखाद्या मुलीला कुणी विचारावं, ‘चहात साखर किती?’ ती गोंधळते. आजवर मोठ्या पातेल्यातला तयार चहाच कपात आलेला. असे बारके निर्णय ब्रेलइतकेच शिकवावे लागतात, आणि ते घरातच शिकता येतात.

असं घर देणाऱ्या प्रतिपालकांसाठीच्या (फॉस्टर केअर) 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आता एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येतं. उद्या चाळीसगावातली एखादी निवृत्त परिचारिका पुढे आली, तर मुलाला रात्री दोन वाजता फिट आल्यावर फोन कुणाला करायचा, ते नाव आणि नंबर समितीच्या आदेशातच लिहिलेले असावेत.