तांबडा दिवा मिणमिणतो तेव्हा

बर्मिंगहॅम

चि. छोटीस,


तुझं पत्र पोचलं. १९७२ची एमजीबी गाडी, तीही एकदा अमेरिकेला जाऊन पुन्हा इंग्लंडात परतलेली, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची! वाचून आधी हसू आलं, मग हेवा वाटला. तुझ्या आईचं यावर काय म्हणणं आहे ते मी विचारत नाही. तुझा प्रश्न असा की, दिवसा सगळं ठीक असतं, पण रात्री हेडलाइट लावले की डॅशबोर्डवरचा इग्निशनचा तांबडा दिवा मंद मिणमिणतो. दुकानदार म्हणतो अल्टरनेटर गेला, नवा घाला. घालू का?

इतक्यात नको. आधी त्या दिव्याला नेमकं काय कळतं ते समजून घे. आजच्या गाडीत कॉम्प्युटर असतो, तो दहा गोष्टी तपासून मग एक दिवा लावतो. एमजीबी अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० बनली. तिच्यात असं कोणी मधे बसलेलं नाही. तिथे दिवा म्हणजे बल्ब आणि दोन वायरी. प्रत्येक बल्बला एकच गोष्ट कळते आणि बाकी सगळ्याला तो आंधळा असतो.

इग्निशनच्या दिव्याचं एक टोक पांढऱ्या वायरीने चावीच्या स्विचला जोडलेलं आहे, दुसरं तपकिरी-पिवळ्या वायरीने अल्टरनेटरला. चावी फिरवलीस की बॅटरीचा करंट बल्बमधून अल्टरनेटरच्या रोटरपर्यंत जातो आणि त्यात सुरुवातीचं चुंबकत्व आणतो. म्हणजे हा बल्ब नुसता पाहुणा नाही, चार्जिंग सुरू करण्यात त्याचाही हात आहे. इंजिन चालू झालं, अल्टरनेटर वीज देऊ लागला की दोन्ही टोकांचा व्होल्टेज सारखा होतो आणि दिवा विझतो. दोन टाक्यांतलं पाणी एका पातळीला आलं की मधल्या नळीतून काही वाहत नाही, तसंच हे. पातळीत फरक पडला की दिवा लागणार. मग कमी पडणारी टाकी डावीकडची असो की उजवीकडची, त्याला कळत नाही.

आता लक्षणं बघ. चावी फिरवली आणि दिवा लागलाच नाही, तर खूश होऊ नकोस. बल्ब गेला असेल, वायर तुटली असेल किंवा अल्टरनेटरमधले ब्रश झिजले असतील. अल्टरनेटरचा प्लग काढ आणि चावी चालू ठेवून प्लगमधली तपकिरी-पिवळी वायर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकव. दिवा लागला तर दोष अल्टरनेटरमध्ये, नाही लागला तर वायरीत किंवा बल्बमध्ये. नेमकी वायर ओळखून मगच टेकव. शेजारच्या जाड तपकिरी वायरीत बॅटरी थेट आलेली असते, तिथे फ्यूजही नाही.

गाडी चालवताना दिवा एकदम लख्ख लागला, तर मात्र लगेच बाजूला थांब. या इंजिनात अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला असेल तर चार्जिंगची गोष्ट दुय्यम, काही मिनिटांत इंजिन तापेल. दिवा विजेचा आहे, पण त्याने वाचवायचं असतं ते इंजिन. पट्टा शाबूत दिसला तर पुढचा विचार करायला वेळ आहे.

चावी काढून घेतल्यावरही दिवा मिणमिणत राहिला, तर अल्टरनेटरमधला डायोड शॉर्ट झाल्याचा संशय घे आणि बॅटरीची वायर सोडून ठेव, नाहीतर सकाळी ती रिकामी झालेली असेल.

तुझं लक्षण या तिन्हींत बसत नाही. लोड वाढला की उजेड वाढतो, लोड गेला की तो जातो. माझा पहिला संशय वाटेतल्या कनेक्शनांवर आहे. अल्टरनेटरमधून निघालेली वीज तपकिरी वायरींनी स्टार्टरच्या सोलेनॉइडपाशी, तिथून फ्यूजबॉक्सकडे आणि चावीच्या स्विचकडे जाते. वाटेत बुलेट कनेक्टर आहेत, पितळी पाती आहेत, स्विचचे कॉन्टॅक्ट आहेत, आणि सगळ्यांवर पन्नासएक वर्षांचा गंज. करंट कमी असताना तो खपून जातो. हेडलाइट लावले की करंट वाढतो आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा व्होल्टेज गळतो. अल्टरनेटरपाशी १४ व्होल्ट आणि पांढऱ्या वायरीपाशी १३, मग बल्ब मिणमिणणारच. यात अल्टरनेटर धडधाकट असतो. नवा घातलास तरी दिवा तसाच राहील, फक्त खिसा हलका होईल.

अंदाजावर न राहता मोज. वेणी वर बांधून घे, पंखा उघडा आहे. इंजिन चालू, थोडी रेस, हेडलाइट चालू. मल्टीमीटर आधी बॅटरीवर लाव. तुझ्या गाडीत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील किंवा कोणी बदलून १२ची एक बसवली असेल. दोन असतील तर दोन्ही मिळून मोज. १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. मग लाल प्रोब अल्टरनेटरच्या जाड तपकिरी वायरीवर आणि काळा इग्निशन कॉइलच्या पांढऱ्या वायरीवर. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर चोर वायरिंगमध्ये आहे. एक टोक तिथेच ठेवून दुसरं एकेका जोडापाशी सरकव. जिथे आकडा उडी मारेल तो जोड उघड, घास, घट्ट बसव. आकडा नगण्य आला आणि दिवा तरी मिणमिणला, तर डायोड तपासायला अल्टरनेटर उतरव. कोणी सांगेल, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघ. डायनॅमोच्या काळातली ती युक्ती आहे. अल्टरनेटरचे डायोड त्याने जळू शकतात.

ब्रेकच्या दिव्याबद्दलही सांगून ठेवतो. अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबींना १९६८पासून ब्रेकची दोन सर्किटं आणि त्यांच्यासाठी इशाऱ्याचा दिवा आला. एका सर्किटचा दाब पडला की मधला छोटा पिस्टन त्या बाजूला सरकतो आणि स्विच दाबला जातो. तपासणीसाठी दिवा दाबून बघतात, पण त्याने फक्त बल्ब शाबूत असल्याचं कळतं. पिस्टन वर्षानुवर्षं पडून गंजला असेल तर खरी वेळ आली तरी दिवा गप्प राहील. तेव्हा तेलाची पातळी डोळ्यांनी बघ आणि पेडल पायाने जोख. इंजिन ऑइलच्या दाबासाठी तर या गाडीत दिवाच नाही, गेज आहे. धावताना ५० ते ८० पौंड, आयडलिंगला १० ते २५, हे आकडे पाठ कर.

तुझ्या गाडीतलं विजेचं सामान लुकास कंपनीचं. इकडे त्याची फार टिंगल होते, कंपनीला अंधाराचा राजपुत्र म्हणतात. कंपनी मूळची याच गावची, म्हणून मी तिची बाजू घेतो असं समजू नकोस. पण तिने प्रत्येक वायरीला रंग देऊन ठेवला, तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी चावीची, काळी अर्थची. म्हणून आज तुझ्यासारखी नवखी मुलगीही एका मीटरवर दोष शोधू शकते.

रविवारी दोन्ही रीडिंग घे आणि कागदावर लिहून मला पाठव. तोवर दुकानदाराला सांग, मामांनी अल्टरनेटर घ्यायला मनाई केली आहे.

तुझा,
मामा