सवड

माझ्या बरगडीवर दुसऱ्यांदा नागीण उठली ती दुपारी बाराच्या सुमारास. सहाच्या आत मी हिंगोलीत डॉक्टरांसमोर होतो. बस चुकली, तर पुतण्याच्या मोटरसायकलवर मागं बसून गेलो. रात्री गोळी घेऊन आडवा झालो आणि माय आठवली. तिला दवाखान्यात न्यायला मला सहा दिवस लागले होते.

वसमत भागात तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. मायच्या पाठीत आधी दोन दिवस नुसती आग, मग पाठीपासून पोटापर्यंत फोडांचा पट्टा. नागीण उतरवणारा आला. त्यानं फोडांभोवती गेरूची रेघ ओढली, वर दूर्वा-तांदळाचा लेप दिला. तोंडाला शेपूट लागलं की माणूस जातं, म्हणून घरचे रोज विळखा बघत होते.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. लहानपणीच्या कांजण्यांचा विषाणू कण्याजवळच्या नसांच्या मुळाशी दबून राहतो आणि उतारवयात, अंगातली ताकद घटली की नागीण होऊन परत उठतो. कण्यातून दोन्हीकडं वेगळ्या नसा निघतात. म्हणून फोड एका अंगालाच येतात, विळखा सहसा पुरा होत नाही. एवढं मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.

पुढं लोकांना सांगत आलो, ‘मायच्या श्रद्धेचा मान राखला.’ खोटं. हळदीचा कुकर भाड्यानं सांगितलेला, मजूर लागलेले. हिंगोलीला जायचं तर एक दिवस मोडत होता. उतरवणारा घरी येत होता. तिची श्रद्धा मला परवडत होती.

फोड वाळले, कळ राहिली. तीन महिने उलटले, वर्ष उलटलं. पदर नुसता लागला तरी ती दचकायची. उन्हाळ्यात तो हातानं अंगापासून लांब धरून बसायची. नसांच्या गोळ्यांनी कळ मंदावायची, जायची नाही. मी जवळ बसलो की म्हणायची, “तुला बी कुठं सवड होती रे बाबा.” हे वाक्य मी कितीतरी वर्षं माफीसारखं जपलं.

दुसरी पळवाटही होती. विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर फोड लवकर वाळतात, सुरुवातीचं दुखणं कमी होतं. पण मागं राहणारी कळ त्यांनी टळतेच, असं छातीठोक कोणी सांगत नाही. म्हणजे वेळेत नेलं असतं तरी मायचं दुखणं राहिलं असतं कदाचित. मी या ‘कदाचित’ला धरून बसलो. पण स्वतःच्या वेळी हाच हिशेब करत घरी का थांबलो नाही?

माझ्या या दुसऱ्या खेपेला रक्त तपासलं, साखर वाढलेली निघाली. ती आटोक्यात आणली. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस आपल्याकडं २०२३ मध्ये आली. नागीणच टळली तर मागची कळही टळते, म्हणून बरा झाल्यावर डॉक्टरांना विचारून घेतली. लस महाग, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. दोन्ही वेळा मला सवड मिळाली.

परवा गल्लीतल्या एकीच्या सासूला नागीण उठली. मायचं सांगताना ‘तिची श्रद्धा होती’ हे शब्द सवयीनं ओठांवर आले. गिळले. म्हणालो, “मी सहा दिवस उशीर केला. तुम्ही आत्ताच निघा.”