हातावरचा पैसा

पैसा आपला आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्या 'आपला' शब्दांत नेमकें काय अभिप्रेत असतें? माणूस ज्या वस्तूंत स्वतःचे श्रम मिसळतो ती वस्तु त्याची होते, हें लॉकचें मत आम्ही गेलीं कित्येक वर्षें विद्यार्थ्यांपुढें मांडीत आलों आहों. मत सांगावयास सोपें आहे. परीक्षेंत त्यावर गुणहि बरे मिळतात. परंतु त्याची धार आम्हांस प्रथम लागली ती वर्गांत नव्हे, तर त्र्यंबकेश्वरीं, कुशावर्ताच्या कांठीं, आणि तीहि अवघ्या ५०० रुपयांच्या एका व्यवहारांत.

निवृत्तिनाथांची पौषांतली यात्रा उलटून गर्दी ओसरल्यावर आम्ही सपत्नीक तेथें गेलों होतों. गंगाद्वाराच्या पायर्‍या चढावयाच्या होत्या, आणि पन्नाशी उलटलेल्या आमच्या गुडघ्यांवर आमचा तितकासा विश्वास नसल्यामुळें पिशवी उचलावयास एक वृद्ध गृहस्थ बरोबर घेतले. वय सत्तरीच्या घरांत, पण चाल आमच्याहून तरतरीत. खालीं उतरल्यावर ठरलेले ५०० रुपये देण्याची वेळ आली, तेव्हां ध्यानांत आलें कीं, जवळची रोकड अभिषेक-दक्षिणेंत संपली आहे आणि बँकेचें कार्ड घरींच राहिलें आहे. फोनांत मात्र चिरंजीवांनीं उघडून दिलेलें पाकीट होतें, व त्यांत दोन हजारांहून थोडे अधिक रुपये होते. आम्हीं ऐटीनें फोन पुढें केला. म्हातारबोवांनीं हात जोडले.

"साहेब, त्याच्यावर नका टाकूं. फोन लेकाचा हाय. हातावर द्या."

आम्हीं कारण विचारलें. "त्याच्यावर पडलं कीं ते त्याचं. मग मला तंबाखूला बी मागावं लागतं."

हें बोलतांना त्यांच्या स्वरांत तक्रार नव्हती. पाऊस पडतो, ऊन पडतें, तसेंच हेंहि.

आतां वाचकांस वाटेल, त्यांत काय अवघड? पाकिटांतून पैसे काढावे व द्यावे. येथेंच आम्हांस नियम आडवा आला. हें पाकीट म्हणजे बँकेंतलें खातें नव्हे. आपण आगाऊ भरलेल्या रकमेबद्दल कोणा कंपनीनें किंवा बँकेनें पत्करलेलें तें एक देणें असतें. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें त्यांत जातिभेद आहे. थोडक्या ओळखीवर उघडलेल्या पाकिटांत १०,००० रुपयांपर्यंत ठेवतां येत, पण त्यांतून खरेदी तेवढी करावयाची. दुसर्‍यास रक्कम पाठविणें नाहीं कीं रोख काढणें नाहीं. पूर्ण ओळख दिलेल्या पाकिटांतून रोख काढण्याची सोय पूर्वीं फक्त बँकांच्या पाकिटांना होती. १९ मे २०२१ रोजीं ती इतर कंपन्यांच्या पाकिटांनाहि मिळाली, एका वेळीं २,००० व महिन्याला १०,००० रुपये या मर्यादेंत. आमचें पाकीट अर्थातच पहिल्या जातीचें. म्हणजे त्यांतून दोन हजारांचे पेढे आम्हांस घेतां आले असते, पण ज्यानें आमची पिशवी वाहिली त्याच्या तळहातावर एक रुपया ठेवतां येत नव्हता.

वाट दाखविली ती एका पूजासाहित्याच्या दुकानदारानें. ५२० रुपयांची खरेदी केली असें समजून पैसे भरा, मी ५०० रोख देतों, असें तो म्हणाला. आम्हीं भरले. त्यानें दिले. म्हातारबोवांनीं नोटा मोजल्या, कनवटीस लावल्या, आणि ते निघून गेले.

प्रथम राग आला तो त्या २० रुपयांचा. तीर्थक्षेत्रीं लूट चालते, इत्यादि ठराविक उद्गार आम्हीं काढलेहि. पण नाशिकच्या वाटेवर राग निवला. ज्या नानासाहेब पेशव्यांनीं येथलें आजचें काळ्या दगडाचें देवालय बांधावयास घेतलें, त्यांचा सारा कारभार हुंड्यांवर चालत असे, आणि हुंडी वटविणारा सावकार हुंडणावळ घेतल्यावांचून पैसा मोजीत नसे. दर्शनी हुंडी दाखवितांच पैसे मिळत; मुदती हुंडीस दिवस भरावे लागत; शहाजोग हुंडीचे पैसे पतवंताच्याच हातीं पडत, आणि नामजोग हुंडीचे जिचें नांव लिहिलें असेल त्यालाच. दुकानदारानें आमची न वटणारी हुंडी वटविली. त्याबद्दल त्यानें २० रुपये घेतले तर तो चोर कसा?

खटकतो तो 'खरेदी' हा शब्द. आम्हीं कांहींहि खरेदी केलें नव्हतें. आमचाच पैसा आमच्या हातीं यावा म्हणून आम्हीं एक असत्य नोंदविलें, आणि तें बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एकाच्या दारांत. कोणाचें नुकसान झालें, असें मन विचारतें. परंतु हा नियम कांहीं वेडगळपणानें केलेला नाहीं. एखाद्या निवृत्त माणसास फोनवर फसवून त्याची पुंजी लांबविणारा लुच्चाहि सर्वांत आधीं रोकडच गांठूं पाहतो. कारण रोकड झाली कीं माग संपला. त्या लुच्च्यास जें दार बंद असावें असें आम्हांस वाटतें, तेंच आम्हीं त्या दिवशीं किलकिलें केलें. कांटनें १७९७ सालच्या एका निबंधांत मित्राचा जीव वांचविण्यासाठींहि खोटें बोलण्याची मुभा दिलेली नाहीं. आम्हीं तर एका क्षुल्लक अडचणीपायीं बोललों. अश्वत्थाम्याच्या प्रकरणीं धर्मराजाचा रथ भूमीस टेकला अशी कथा आहे. आम्ही एस्. टी.नें आलों, तिचीं चाकें मूळचींच जमिनीवर.

दुसरी वाट नव्हती असेंहि नाहीं. आमच्या क्षेत्रोपाध्यायांकडून ५०० रुपये उसने घेऊन घरून पाठवितां आले असते. पण उसने मागण्याची आम्हांस लाज वाटली, आणि खोटें लिहिण्याची वाटली नाहीं. सुशिक्षितांच्या लाजेचें हें वांटप कोणीं ठरविलें, याचा आम्ही अजून विचार करीत आहों.

म्हातारबोवांची मागणी मात्र आम्हांस दिवसेंदिवस अधिक न्याय्य वाटूं लागली आहे. त्याच जिल्ह्यांत, नाशिकरोडच्या कारखान्यांत १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. नोट हीहि वचनचिठ्ठीच. पण रिझर्व्ह बँकेची नोट वचन देते तें धारकास, आणि धारक कोण, कोणाचा बाप, कोणाची बायको, हें ती विचारीत नाहीं. पाकिटाचे नियम ओळख तपासतात ती पाकीट ज्याच्या नांवाचें त्याची. घाम कोणाचा गळला, हें त्यांना कोठून कळणार? लॉकच्या सिद्धांताप्रमाणें पैसा त्या वृद्धाचा. पण तो फोनवर पडला कीं मालक लेक. मग 'पैसे दिले' असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार काय? ज्यानें कमावले त्याच्या हातीं पडेपर्यंत देणें फिटत नाहीं, देणार्‍याची सोय कितीहि झाली तरी.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं ५०० व १,००० च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां आमच्या घरीं तुरीच्या डब्याच्या तळाशीं साडेसात हजार रुपये निघाले. आम्ही व चिरंजीव पोट धरून हंसलों. आमच्या घरांत त्या रकमेचा हिशेब कोणी मागितला नाहीं; उलट ती आदरपूर्वक खात्यांत भरली. खातें अर्थात आमच्या नांवचें. तुरीच्या डब्यांत तिनें पुढें कधीं कांहीं ठेवलें कीं नाहीं, तें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि विचारण्याचें धैर्यहि होत नाहीं.

त्र्यंबकेश्वराहून परतल्यावर चौथ्या दिवशीं चिरंजीवांनीं कांहीं कारणानें आमचा फोन हातांत घेतला. "बाबा, पूजेच्या दुकानांत ५२० रुपयांची खरेदी दिसते. काय आणलें?" आम्हीं दुकानदाराची हकीकत सांगितली, वीस रुपयांचीहि सांगितली. म्हातारबोवा आपल्या लेकाविषयीं काय म्हणाले, तेवढें मात्र सांगितलें नाहीं.