शंखाचा मूळ मालक

नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या रायपुरातील देवघरांत पूजेचा जुना क्रम परिचित आहे : कलश, शंख, घंटा आणि मग देव. देवाच्या आधी ज्याला गंधफूल मिळते तो शंख मुळात एका प्राण्याचे शरीर होता आणि तो प्राणी शिकारी होता, ही गोष्ट या क्रमात कोठेच येत नाही. रायपुरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तेथे पोहोचतो तो नाद, प्राणी नव्हे.

पूजेचा हा शंख मन्नारच्या आखातातील वाळूत, फारशा खोल नसलेल्या पाण्यात राहणाऱ्या मंदगती समुद्री गोगलगायीचा. ती कृमींवर जगते. तिचे काही भाऊबंद अधिक खोल पाण्यात विषारी दाताने भक्ष्याला जायबंदी करतात. त्यांतील ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ या सुंदर शंकूचा संग्राहकांना इतका मोह पडला, की २००१ साली त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालावे लागले. या जीवांना क्रूर म्हणणे ही भाषेची सवय आहे. ज्याला दुसरा आहारच नाही, त्याच्या शिकारीला पाप म्हणता येत नाही. पापाला निवड लागते, आणि ती या व्यवहारात एकाच पक्षाकडे आहे.

पुराणकथा या बाबतीत आजच्या भाविकापेक्षा अधिक प्रांजळ आहे. भागवतातील कथेनुसार सांदीपनींचा पुत्र प्रभासच्या समुद्रात नाहीसा झाला. समुद्राने बोट दाखवले ते शंखरूपाने पाण्यात राहणाऱ्या पंचजन दैत्याकडे. कृष्णाने त्याला मारले. पोटात मुलगा नव्हता. मुलगा यमाकडे होता. कृष्णाने पंचजनाच्या देहाचा शंख उचलला आणि तोच यमाच्या नगरीच्या दाराशी फुंकला. निरूपणकार ही कथा गुरुदक्षिणेच्या पूर्तीकडे झपाट्याने नेतात, ते समजण्याजोगे आहे. परंतु रिकामे निघालेले ते पोट कथाकाराने गाळलेले नाही. पांचजन्याच्या नावातच मारला गेलेला जीव राहिला आहे.

बाजारात असे नाव उरत नाही. आयुष्य संपून तळाशी पडून राहिलेल्या शंखाला कवच पोखरणारे जीव छिद्रे पाडतात; त्याचा रंग जातो, व्यापारी त्याला कमी भाव देतो. जाड, गुळगुळीत, निर्दोष शंख मिळतो तो तुतिकोरीनच्या पाणबुड्यांनी जिवंत वर काढलेल्या प्राण्यापासून, त्याचे मांस काढून टाकल्यावर. ज्या घरात अंडेही वर्ज्य आहे, त्या घराची शंखाविषयीची अट मात्र ठरलेली असते : शंख अखंड हवा, भोक पडलेला चालत नाही.