ऐकून घेणे हेही देणेच



रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या पायऱ्यांवर आपण एकमेकांना विचारतो, "काय, बरे आहे ना?" समोरचा म्हणतो, "बरे आहे." तोवर विचारणारा दोन पायऱ्या खाली उतरलेला असतो. मीही त्यातलाच. ह्या प्रश्नाला कुणी खरेच उत्तर द्यायला लागले, तर आपली पंचाईत होईल. कुणाची एस.टी. चुकेल, कुणाचा भात करपेल, माझी पुढच्या पाड्यावरची मिस्सा उशिरा सुरू होईल.

ह्या एवढ्याशा गोष्टीवर एका रशियन लेखकाने १८८६ साली एक कथा लिहिली. लेखकाचे नाव अंतोन चेकॉव्ह. तो पेशाने डॉक्टर होता. त्याचा आजा भूदास होता, म्हणजे जमिनीबरोबर जमीनदाराच्या मालकीचा असलेला शेतकरी. १८४१ साली त्या आजाने पैसे मोजून स्वतःची आणि आपल्या कुटुंबाची सुटका करून घेतली. म्हणजे हा लेखक आपल्यासारख्याच, मातीत राबणाऱ्या माणसांतून वर आलेला.

कथा अशी आहे. पीटर्सबर्ग शहरात इओना नावाचा एक म्हातारा घोडागाडीवाला आहे. बर्फ पडते आहे. ह्याच आठवड्यात त्याचा तरुण मुलगा तापाने गेला. तीन दिवस इस्पितळात होता आणि संपला. इओनाला ते कुणाला तरी सांगायचे आहे. एक लष्करी अधिकारी गाडीत बसतो. इओना मागे वळून मुलाचा विषय काढतो. अधिकारी विचारतो, कशाने गेला? इओना सांगू लागतो, तेवढ्यात गाडी नीट हाकण्याची ताकीद मिळते आणि अधिकारी डोळे मिटून घेतो. मग तीन तरुण बसतात. ते चेष्टा करतात, त्याच्या मानेवर फटका मारतात. मुलगा गेला म्हटल्यावर त्यांतला एक म्हणतो की सगळ्यांनाच मरायचे आहे, गाडी पळव. पुढे तो एका वाड्याच्या नोकराशी बोलू पाहतो, तो त्याला हाकलतो. रात्री मुक्कामाच्या जागी एक तरुण गाडीवान पाणी प्यायला उठतो. इओना त्याला सांगू लागतो आणि पाहतो तर तो पांघरूण ओढून झोपलेला. शेवटी म्हातारा तबेल्यात जातो. दिवसभरात दाण्यापुरतीही कमाई झालेली नाही, म्हणून घोडी नुसते गवत चघळते आहे. तो तिच्यासमोर उभा राहतो आणि सगळे तिला सांगतो. कथा तिथे संपते.

आपल्याकडच्या माणसाला ह्यात नवल वाटणार नाही. पौषात म्हशाच्या जत्रेत बैल विकून आलेला शेतकरी रिकाम्या गोठ्यात का बसून राहतो, हे आपल्याला ठाऊक आहे. जनावराशी बोलणे आपल्याकडे कमीपणाचे नाही. पण इओना घोडीशी बोलला तो प्रेमापोटी जितका, तितकाच नाइलाजाने. एवढ्या मोठ्या शहरात त्याला माणूस सापडला नाही, हे कथेचे दुःख आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना रद्दीच्या दुकानात घेतलेल्या एका जुन्या पुस्तकात मी ही कथा पहिल्यांदा वाचली. मला तेव्हा प्रश्न पडला की ह्या कथेत पापी कोण? मी शोधू लागलो आणि मला कुणी धड सापडेना. तरुणांनी फटका मारला, ते वाईटच. पण बाकीचे? अधिकाऱ्याला कुठेतरी पोहोचायचे होते. नोकराला आपले दार मोकळे हवे होते. तरुण गाडीवान दमलेला होता, त्याला झोप आली. कुणीही इओनाचे काही चोरले नाही. तरीही कथा संपल्यावर मनात अन्याय झाल्याची भावना राहते.

ह्या रशियन कथाकारांनी साध्या आयुष्याबद्दल जे दाखवले, त्यात मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. समाजात दुष्ट माणसे थोडी असतात. पुष्कळसे दुःख घडते ते आपल्यासारख्या बऱ्या माणसांच्या घाईतून आणि सवयीतून. आपल्या शहापूर तालुक्याचेच पाहा. १८९२ साली तानसा धरणाचे पाणी मुंबईला सुरू झाले, पुढे भातसाचेही जाऊ लागले. उन्हाळ्यात ह्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायाबापड्या टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. मुंबईत नळ सोडणारा माणूस काही वाईट नाही. त्याला तो हंडा दिसत नाही, इतकेच. चेकॉव्ह इथे असता, तर त्याने कुणावर आरोप केला नसता. त्याने तो नळ आणि तो हंडा एकाच पानावर मांडून ठेवला असता.

आता ह्याच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न पाहू. संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या शिकवणीनुसार, ज्याचे जे असेल ते त्याला देण्याची अढळ इच्छा म्हणजे न्याय. हे आम्ही पाठ केले होते. मजुराची मजुरी, विधवेचे शेत, ज्याचे त्याला. पण इओनाचे जगाकडे काय देणे निघत होते? गाडीचे भाडे तर त्याला मिळाले. मग काय राहिले? मला वाटते, त्याच्याकडे माणूस म्हणून पाहणे राहिले. ऐकून घेणे ही आपण केलेली मेहेरबानी आहे, असे आपण समजतो. ह्या कथा सांगतात की ते देणे आहे. ते थकवले तर कर्ज राहते, फक्त त्याची वही कुठे नसते.

चेकॉव्हच्या आधी निकोलाय गोगोलने हे लिहून ठेवले होते. गोगोलचे नाव आपल्याला परके नाही. पु. ल. देशपांडे ह्यांचे 'अंमलदार' हे नाटक गोगोलच्याच नाटकावरून घेतलेले आहे. त्याची 'ओव्हरकोट' ही कथा १८४२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एक गरीब कारकून आहे. कचेरीत दिवसभर कागदांच्या नकला करायच्या, हे त्याचे काम. जुना कोट शिवून शिवून विरला, म्हणून तो नव्यासाठी ऐंशी रुबल जमवू लागतो. संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून रस्त्यावर चवड्यांवर चालतो. कोट होतो आणि पहिल्याच रात्री चोरीला जातो. तो तक्रार घेऊन एका बड्या अधिकाऱ्याकडे जातो. अधिकाऱ्याचा एक मित्र समोर बसलेला असतो. त्याच्यावर छाप पाडण्यासाठी अधिकारी कारकुनावर असा काही ओरडतो, की तो घरी जाऊन अंथरूण धरतो आणि मरतो. गोगोल आपल्याला सांगतो की हा अधिकारी मनाने वाईट नव्हता. हाताखालच्या माणसाशी कसे बोलायचे, हे मात्र त्याला कधी कळले नव्हते. दाखल्यासाठी, रेशनकार्डासाठी, सातबाऱ्यासाठी कुठल्याही खिडकीसमोर उभा राहिलेल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. आणि आपल्यापैकी जे खिडकीच्या आतल्या बाजूला बसतात, शिक्षक असोत, मुकादम असोत की आम्ही धर्मगुरू असू, त्यांनी ती दोनदा वाचावी.

कुणी म्हणेल, "फादर, ऐकून घेतल्याने पोट भरते का?" प्रश्न रास्त आहे. माणसाला मजुरी हवी असते तिथे त्याला नुसता कान देणे ही फसवणूकच आहे. आपल्या पाड्यांवरची कितीतरी घरे दिवाळीनंतर बंद होतात. बयाणा घेतलेला असतो, तो फेडायला घरदार वीटभट्टीवर जाते. हातात आठवड्याची खर्ची पडते आणि हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. तो कसा होतो, हे तिथे राबणाऱ्यांना माहीत आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला. रशियात भूदासांची सुटका १८६१ साली झाली, पण जमिनीच्या मोबदल्याचे हप्ते त्यांच्या मानेवर ठेवले गेले, एकोणपन्नास वर्षांच्या मुदतीचे. ते १९०७ साली रद्द झाले. कागदावर सुटका झाली, तरी हिशेबात माणूस अडकूनच राहतो, हे तिथेही खरे होते.

पण कायदा होण्यापूर्वी काय घडावे लागते, तेही पाहा. इव्हान तुर्गेनेव्ह हा स्वतः जमीनदाराचा मुलगा. शिकारीच्या निमित्ताने तो गावोगाव हिंडला, भूदासांच्या झोपड्यांत बसला आणि त्यांचे बोलणे ऐकून त्याने कथा लिहिल्या. त्यांचे पुस्तक १८५२ साली आले. सुशिक्षित रशियन माणसाला पहिल्यांदा जाणवले की आपण ज्यांना मालमत्तेत मोजतो, ती आपल्यासारखीच विचार करणारी, गाणारी, रडणारी माणसे आहेत. भूदासपद्धतीविरुद्ध लोकमत तयार होण्यात त्या पुस्तकाचा वाटा मानला जातो. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातही असेच घडले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्यानंतर वारल्यांनी वेठीला नकार दिला. गोदावरी परुळेकर ह्यांनी तो अनुभव 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात १९७० साली मांडला. त्यांचे राजकारण आपल्याला पटो न पटो, पण त्या पाड्यांवर जाऊन बसल्या आणि त्यांनी ऐकले, हे खरे आहे. हक्काची भाषा नंतर आली. आधी कुणीतरी जमिनीवर मांडी घालून बसले होते.

चेकॉव्हही कथा लिहून थांबला नाही. १८९० साली तो साखालिन बेटावर, काळ्या पाण्याच्या कैद्यांकडे गेला. घरोघर, कोठडी-कोठडीत फिरून त्याने सुमारे दहा हजार माणसांची माहिती कार्डांवर लिहून घेतली. नाव काय, वय काय, कुठून आलास, लिहिता-वाचता येते का? दोन वर्षांनी पटकीची साथ आली, तेव्हा त्याने आपल्या भागातल्या खेड्यांत मोबदला न घेता डॉक्टरकी केली. पुढे तिथे तीन शाळा बांधल्या. म्हणजे ज्याने नीट ऐकले, त्याला पुढचे काम टाळता आले नाही. ऐकणे हे मदतीच्या जागी नसते, ते मदतीच्या आधी असते.

आता माझी स्वतःची गोष्ट. जिची आहे तिला विचारून लिहितो आहे, नाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध बाई माझ्याकडे आली. तिचा मुलगा वारला होता आणि चर्चच्या नोंदीचा कागद तिला हवा होता. मी वही काढली, पाच मिनिटांत दाखला लिहिला, शिक्का मारला. पाणीही विचारले. ती उठेना. माझा फोन वाजत होता. मी म्हटले, "आजी, आणखी काही?" ती म्हणाली, "नाय, फादर," आणि बाहेर गेली. ताबडतोब दाखला दिला, ह्याचे मला समाधान होते.

संध्याकाळी आमची स्वयंपाकीणबाई म्हणाली, "फादर, ती आजी माझ्यापाशी तास-अर्धा तास बसली होती." बाई तांदूळ निवडत होती. आजी तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिने सांगितले. जाण्याच्या आदल्या रात्री मुलाने भाकरीबरोबर सुकट मागितली होती. त्या दिवशी घरात सुकट नव्हती. शेजारी मागायला ती लाजली. एवढेच तिला कुणालातरी सांगायचे होते. ते ओझे घेऊन ती चर्चमध्ये आली आणि मी तिच्या हातात शिक्क्याचा कागद ठेवला. तत्त्वज्ञानाची पदवी माझ्याकडे होती. इओनाची कथा मी वाचलेली होती, स्वयंपाकीणबाईंनी नव्हती. पण ऐकले त्यांनी.

मी पुढच्या आठवड्यात त्या पाड्यावर गेलो, तर घराला कडी. आजी लेकीबरोबर भट्टीवर गेली होती. पावसाच्या तोंडावर परतली तेव्हा मी पुन्हा गेलो आणि ओट्यावर बसलो. पहिल्या दिवशी ती काहीच बोलली नाही. तिसऱ्या वेळी बोलली.

चेकॉव्ह नियमाने चर्चला जाणारा नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण त्याची कथा वाचल्यावर मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय मला वेगळा दिसू लागला. प्रभू येशू घाईत आहे. सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी मरणाला टेकली आहे, गर्दी लोटते आहे. बारा वर्षे आजारी असलेली एक स्त्री मागून त्याच्या वस्त्राला हात लावते आणि बरी होते. काम झालेले असते. तिला जे हवे होते, ते मिळालेले असते. तरीही येशू थांबतो, ती कोण हे विचारतो आणि तिचे सगळे म्हणणे ऐकून घेतो. तेवढ्यात मुलगी गेल्याची बातमी येते. त्या बापाला तो उशीर किती जड गेला असेल! पण येशूने त्या स्त्रीला नुसते बरे करून पाठवले नाही. बारा वर्षांत कुणी ऐकले नसेल ते ऐकले, तिला मुलगी म्हटले आणि मगच तो पुढे निघाला.

म्हणून ह्या आठवड्यासाठी एक साधे काम. कुणा एका माणसाला "बरे आहे ना?" असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत जागेवरून हलू नका. तो घरातलाच असेल, किंवा ज्याची मजुरी तुमच्याकडे राहिली आहे तो असेल. मजुरी राहिली असेल, तर आधी ती द्या आणि मग बसा. मीही पायऱ्यांवर थोडा जास्त वेळ उभा राहीन. पुढच्या पाड्यावरच्या लोकांनी उशिराबद्दल मला क्षमा करावी.

आपला,
धर्मगुरू