त्या खोलीत किती खुर्च्या?

दादाच्या काउन्सेलरना मी पहिला मेसेज केला तो असा : ‘मॅडम, प्रत्येक सेशननंतर एक छोटी समरी पाठवाल का? मी पुण्यात असतो, ट्रॅक ठेवायला बरं पडेल.’ फी मी भरत होतो. आपण काही गैर मागतोय असं तेव्हा मनातही आलं नाही. उत्तर दोन ओळींचं आलं. दादाची परवानगी असेल तर जरूर भेटू. तोवर तो आत काय बोलतो ते सांगता येणार नाही.

राग आला. माझा भाऊ, माझे पैसे, आणि मलाच कळणार नाही?

राग आला की मी डॉक्युमेंटेशन वाचतो, सवय आहे. म्हणून २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा वाचला. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही त्यात मानसिक आजारात धरल्या आहेत, आणि कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. अपवाद आहेत. दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल, रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला त्याचं काम करायला माहिती लागत असेल, वगैरे. बिल भरणारा धाकटा भाऊ हा अपवाद त्यात नाही.

कायद्याचं उत्तर मिळालं, पण माझा प्रश्न तिथे संपत नव्हता. कारण दादाची दारू ही कधी एकट्या दादाची नव्हतीच. तो रात्री दारात चप्पल कशी काढतो, त्या आवाजावरून आईला कळायचं की आज किती झाली आहे. वहिनी गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवायची. बाबांनी लग्नकार्यांना जाणं बंद केलं. आणि मी? मी त्याच्या ऑफिसला फोन करून सांगायचो की त्याला व्हायरल आहे. एका वर्षात चार वेळा व्हायरल. पाच माणसांचं वेळापत्रक एका बाटलीभोवती लागलेलं असताना उपचार मात्र एकाच माणसावर, हे मला पटेना. मरे बोवेनसारख्या मानसोपचारतज्ज्ञांनी गेल्या शतकातच म्हटलंय की कुटुंब ही एक व्यवस्था असते, एकाचं लक्षण इतरांच्या वागण्यात गुंतलेलं असतं. मला हे लगेच कळलं. सिस्टिम हा माझ्या रोजच्या भाषेतला शब्द.

दादाने होकार दिला आणि आमचं फॅमिली सेशन झालं. आईने कागदावर मुद्दे लिहून आणले होते. पहिला मुद्दा २०१४चा. दादा खाली बघत बसला. अर्ध्या तासाने म्हणाला, “इथंसुद्धा तुम्हीच बोलताय.” मग माझ्याकडे वळला. “मी पितो म्हणून तू घरातला मोठा झालास. मी सुटलो तर तुझं काय?”

मी म्हटलं, काहीही बोलू नकोस. पण घरी येताना एसटीत खिडकीशी बसून मला आठवत राहिलं. त्याच्या प्रत्येक रिलॅप्सनंतर आईचा फोन आधी मला यायचा. मी निर्णय घ्यायचो, पैसे पाठवायचो, आणि फोन ठेवताना मला दुःखाबरोबर आणखी काहीतरी वाटायचं. त्याला मी आजवर नाव दिलं नव्हतं. तो एकटाच त्या खोलीत असता तर हे वाक्य काउन्सेलरने ऐकलं असतं आणि माझ्यापर्यंत कधीच आलं नसतं. म्हणजे कौटुंबिक उपचाराला अर्थ आहे, असा माझा निष्कर्ष झाला. उत्साहाच्या भरात मी वहिनीला फोन लावला.

वहिनी तेव्हा सात महिने माहेरी होती. का गेली ते सगळं इथे लिहीत नाही. ताट भिंतीवर फुटलं होतं आणि ते भिंतीसाठी भिरकावलेलं नव्हतं, एवढं पुरे. मी म्हटलं, “वहिनी, एकदाच या. दादासाठी.”

ती म्हणाली, “भाऊजी, आजारी ते आहेत. मी कशाला त्या खुर्चीत बसू?” मग थोड्या वेळाने, “बसले तर खरं बोलावं लागेल. आणि खरं बोलून रात्री झोपायचं कुठे?”

मला तेव्हा ती ताठर वाटली. आता वाटतं, आमच्यात नीट विचार केलेली ती एकटीच होती.

आमच्या कामात सर्व्हर पडला की ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ लिहितात. कोणाची चूक हे विचारायचं नाही, व्यवस्थेत काय बिघडलं ते शोधायचं. उत्तम पद्धत आहे. पण ती चालते कारण त्या मीटिंगमधल्या कोणालाही घरी गेल्यावर मार बसणार नसतो. ‘सगळी व्यवस्थाच आजारी’ म्हटलं की ताट फेकणं आणि किल्ली लपवणं एकाच रांगेत येतात. दोन्ही घडलं हे खरं. दोन्हीची जबाबदारी सारखी, हे खोटं. कारणांच्या साखळीत असणं वेगळं आणि दोषी असणं वेगळं, हा फरक तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात सोपा वाटतो. चार खुर्च्या मांडलेल्या खोलीत तो टिकवणं काउन्सेलरलाही अवघड जात असणार.

मुळात ‘कुटुंबासह की एकट्याने’ हा प्रश्न मी चुकीचा मांडत होतो. सगळ्यांनी एकाच खोलीत बसायलाच हवं असं कोणी सांगितलंय? दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीचं अल-अ‍ॅनॉन १९५१पासून आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसपासून वेगळं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा निराळा गट आहे. अमेरिकेत रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केलेली ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत तर पिणारा उपचाराला तयार नसतानाही घरच्यांबरोबर काम करते, आणि त्यांचं स्वतःचं आयुष्य सावरणं हाही तिचा हेतू असतो. तो सुधारावा एवढ्यासाठीच नव्हे. हा मुद्दा माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. वहिनीला मी दादाच्या उपचारातलं एक साधन म्हणून बोलावत होतो.

दादाला सध्या आधी त्याची एकट्याची खोली हवी, असं माझं मत झालंय. त्याची किंमत मात्र आहे. त्या खोलीत तो आमच्याबद्दल काहीही सांगत असेल. आई तिथे कशी दिसत असेल, मी कसा? ते खोडून काढायला आम्ही तिथे नसतो. एक अनोळखी बाई दर गुरुवारी माझी एक अशी गोष्ट ऐकते जिच्यात मी बहुधा चांगला माणूस नाही, आणि तिची फी मीच भरतो. हे पचायला जड जातं. कधी कधी अजूनही बोटं मेसेज टाइप करायला लागतात.

गेल्या महिन्यात गावी होतो, तेव्हा मीच त्याला सोडायला गेलो. बाहेरच्या बाकावर तासभर बसलो. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. पूर्वी लाल डोळे दिसले की मी जवळ जाऊन वास घ्यायचो. तसाच पुढे झुकलो. त्याला कळलं. तो काही बोलला नाही, मीही नाही. टपरीवर चहा घेतला. वहिनीचा फोन आला होता का, एवढंच त्याने विचारलं.

आला होता. ती तिकडच्या बायकांच्या एका गटात जायला लागली आहे, एकटीच. ते त्याला सांगायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं. मी म्हटलं, “नाही आला.”